आधी सन वाच, मग वंश सांग

तुझ्या कुळवृत्तांताचं बाड वाचून संपवलं. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, त्याखाली ढाल-तलवार आणि तळाला ‘संशोधनपर ग्रंथ’ अशी ठसठशीत अक्षरं. ती शेवटची ओळ आधी खोड. बाकीचं पुढं पाहू.

छापखान्याला आगाऊ रक्कम दिली, दसऱ्याला प्रकाशन ठरलं, भालकीपासून पुण्यापर्यंत भाऊबंदांना निमंत्रणं गेली, असं तू कळवतोस. गेली असतील. मंगल कार्यालयाची तारीख ठरली म्हणून मूळपुरुषाचं साल ठरत नाही. तू निवृत्त अभियंता ना? पुलाचा खांब नकाशात एकीकडं आणि नदीत दुसरीकडं निघाला, तर दोन्हींच्या मधोमध स्लॅब टाकून मोकळा झाला असतास का? इथं तू तेच केलंस आणि वर माझ्याकडं प्रस्तावना मागतोस. प्रस्तावना मिळणार नाही. कानउघाडणी मिळेल, ती फुकट आहे.

तुझ्या घराण्याचा मूळपुरुष मांजरेच्या काठी आला, त्यानं रान तोडलं, पांढरी वसवली, काळी वहिवाटीला आणली, पाटीलकी मिळवली. इथवर माझी हरकत नाही. गाव आहे म्हणजे कुणीतरी पहिला आलाच असणार. पण या माणसाबद्दल तुझ्यापाशी कागद तीन आणि तिघांचं म्हणणं तीन तऱ्हेचं. हेळव्याच्या वहीत तो विजापूरकडून दोघा भावांना घेऊन येतो. घरातल्या मोडी कागदात तो एकटाच आहे आणि त्याच्या बापाचं नाव निराळं आहे. हैदराबादेहून मिळवलेल्या मुंतखबाच्या नकलेत तर त्याचा पत्ताच नाही, तिथं पहिलं नाव त्याच्या नातवाचं. यावर तू काय डोकं चालवलंस? हेळव्याकडून भाऊ उचललेस, मोडीतून साल उचललंस, मुंतखबातून इनामाची जमीन घेतलीस, आणि दोन बापांपैकी ज्याचं नाव भारदस्त वाटलं तो ठेवून घेतलास. अरे, बाप निवडता येत नाही.

आणि जिथं जिथं दोन कागद जुळेनात, तिथं ‘लेखनिकाचा प्रमाद’ असा शेरा मारून तू पुढं गेलास. या मुलखातले सगळे लेखनिक आंधळे आणि तुझे सगळे पूर्वज मात्र सूर्यवंशी, हे कसं काय जमतं? ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. तुमच्या घरात ऋषी कुणी झालेला नाही, तेव्हा तू खुशाल शोध. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. दोन कागद जिथं भांडतात तिथंच थांबायचं असतं. ते का भांडतात हे कळलं की घराण्याचा इतिहास कळतो. तू भांडण मिटवायला धावलास आणि इतिहास घालवून बसलास.

सनापासून सुरुवात करू, कारण तुझी निम्मी वंशावळ तिथंच घसरली आहे. मोडी कागदाच्या माथ्यावर ‘सन सीत सबैन अलफ’ असं आहे. सीत म्हणजे सहा, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, मिळून १०७६. इथवर नीट वाचलंस, शाबास. मग हा आकडा हिजरी समजून तू १६६५ साल काढलंस. का? तर हिजरी सन तुला ऐकून माहीत होता. अरबी शब्दांत सन लिहायची ही रीत मराठी दप्तरात शुहूर सनाची. तो मृगाला पालटतो. त्याचं इसवी साल काढायला ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १०७६ चं १६७५-७६ येतं. हाच आकडा दख्खनी फसलीचा धरला तर ५९० किंवा ५९१ मिळवून १६६६-६७. हिजरीला तर ठरावीक आकडा मिळवून चालतच नाही, कारण ते वर्ष चांद्र, आपल्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. एकच आकडा, तीन सन, तीन सालं. तू तिघांतलं भलतंच उचललंस आणि मूळपुरुषाला पुरंदरच्या तहाच्या साली मांजरेकाठी आणून बसवलंस. तेवढ्यानं भागलं नाही. ‘मिर्झाराजाच्या स्वारीमुळे झालेले स्थलांतर’ असा अख्खा परिच्छेद रचलास. आता साल दहा वर्षांनी पुढं सरकलं, राज्याभिषेक होऊन गेला, मिर्झाराजा मरून गेला. त्या परिच्छेदाचं काय करणार आहेस?

याहून वाईट पुढं आहे. धाकट्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख ‘१२ बहमन १३३४’ अशी आहे. त्यावर तू लिहितोस, ‘दाखल्यावरही बहमनी राजवटीचा ठसा दिसतो.’ बहमनी राज्य सोळाव्या शतकात बुडालं रे! बहमन हा निजामाच्या फसली वर्षातला तिसरा महिना. आजूर, दै, बहमन. ते वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्यानं सुरू होई. १३३४ फसलीचा बहमन म्हणजे डिसेंबर १९२४. तू इथंही हिजरी धरलंस आणि आजोबांना १९१५ साली जन्माला घातलंस. मग धाकटे आजोबा थोरल्यांच्या आधी जन्मले. ते निस्तरायला थोरल्यांचं साल मागं ढकललंस. त्यांचं ढकललं म्हणून त्यांच्या आईचं लग्न मागं गेलं, आणि तुझ्या तक्त्यात ती पोर सहाव्या वर्षी बाळंत झाली. मुद्रितं किती जणांनी तपासली म्हणालास? त्यांतल्या एकालाही ही बाई दिसली नाही? आणि शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख हा पुष्कळदा गुरुजींचा अंदाज असतो, हे तुला, शाळेत गेलेल्या माणसाला, सांगायला हवं का? त्या तारखेला ‘दाखल्यानुसार’ एवढं लाव. ‘निर्विवाद’ कशाला लावतोस?

आता कागदांकडं बघ. प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारायचे असतात: कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, आणि त्याला हे कळलं कुठून. तुझ्या मोडी कागदाला तू ‘सनद’ म्हणतोस. तो नीट वाच. सुरुवातीला देणाऱ्याचं नाव नाही, शेवटी शिक्का नाही, आणि मधे सगळी ‘आपले वडील, त्यांचे वडील’ अशी हकिकत आहे. तो करीना आहे. वतनाचा तंटा लागला की वादी आपल्या बाजूनं जी कैफियत मांडी ती करीना. प्रतिवादीही आपला करीना देई. मग गोत बसे, साक्षी होत, निवाडा लागे आणि महजर होई. तू एका पक्षाची कैफियत हातात धरून निकाल म्हणून नाचतो आहेस. दुसऱ्या पक्षाचा करीना कुठं आहे? महजर कुठं आहे? शोधलास का?

आणि आता हेळव्याच्या वहीतले ते दोन भाऊ आठव. करीन्यात मूळपुरुष एकटाच का? तंटाच जर भावाच्या वंशाशी असेल, तर वादी भावाचं नाव कशाला घेईल? ‘वसाहत आमच्याच वडिलांनी एकट्यानं केली’ असंच तो सांगणार. म्हणजे तू ज्याला लेखनिकाचा प्रमाद म्हणालास, तो कदाचित तुझ्या घराण्यातल्या पहिल्या भाऊबंदकीचा पुरावा असेल. ही माझी अटकळ आहे, अटकळ म्हणूनच लिही. पण तपासायची ती. शेजारच्या गावात त्याच आडनावाची, त्याच कुलदैवताची घरं आहेत. त्यांच्या पेटीत दुसरा करीना असू शकतो. तू गेला होतास का त्यांच्याकडं? नाही. ते ‘आपले नव्हेत’ असं घरात लहानपणापासून ऐकलंस, आणि ऐकलं तेच लिहिलंस.

हेळव्यालाही तू एकदा देव केलंस, एकदा चोर. तो सुगी उरकल्यावर बैल घेऊन येतो, घराच्या पिढ्या वाचून दाखवतो, धान्य-कपडा घेऊन जातो. ज्याच्या ओट्यावर बसून वाचायचं, त्याचाच पूर्वज तो हलका कसा ठरवेल? म्हणून त्याच्या वहीतल्या पराक्रमांवर जाऊ नको, अगदी वरच्या पिढ्यांवरही फार भिस्त ठेवू नको. पण घर कुठून कुठं हललं, कोणती शाखा कोणत्या गावी गेली, कुलदैवत कोणतं, यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही, कारण त्यावरच त्याची फेरी चालते. याउलट पंढरपूरच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायाची वही. तिथं यात्रेकरू स्वतः नाव सांगतो, लिहिता येत असेल तर स्वतःच्या हातानं लिहितो, बरोबर आलेल्या भाऊ-पुतण्यांची नावं घालतो. ती तीन पिढ्यांपुरती फार मोलाची. पण तिथली तारीख यात्रेची असते, जन्माची नव्हे. तू ती जन्मतारीख धरलीस आणि एका पूर्वजाला चंद्रभागेच्या वाळवंटात जन्माला घातलंस.

मुंतखबात मूळपुरुष नाही म्हणून तू घाबरलास, आणि त्याचं नाव स्वतःच्या हातानं वर घातलंस. तक्त्यात ‘मुंतखबानुसार’ असं लिहिलंस, ही तर लबाडी झाली. मुंतखब हा इनामाच्या चौकशीअंती सरकारनं दिलेला निर्णय. ज्याच्या नावची सनद पुढं आली, तिथून साखळी सुरू होते. आधीच्या माणसाचं नाव नसणं म्हणजे तो नव्हताच असं नाही, आणि तो होता असंही नाही. तो कागद त्याच्याबद्दल गप्प आहे. गप्प कागदाच्या तोंडी शब्द घालायचे नसतात.

तू म्हणशील, एवढी काटेकोर वंशावळ कोण लिहितो? तुझ्या मुलखातच डोळे उघडून पाहा. राजांनी केलंय ते सगळं तूही केलंस, आणि राजांचंही इतिहासानं तपासलंच. बसवकल्याण तुझ्या घरापासून बसच्या पल्ल्यावर. तिथल्या चालुक्यांचा तैलप दुसरा ९७३ मध्ये राष्ट्रकूटांना हटवून गादीवर आला. राष्ट्रकूटांचं मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. बदामीचे जुने चालुक्य आठव्या शतकाच्या मध्यात संपले होते. मधे दोनशेहून अधिक वर्षं. विक्रमादित्य पाचव्याच्या १००९ च्या कौठें ताम्रपटात ही दरी भरून काढली आहे. मधल्या पिढ्यांची नावं आहेत, वर अयोध्येत ५९ राजे होऊन गेल्याचंही सांगितलं आहे. वर्षांचा हिशेब बसतो. तरी रा. गो. भांडारकरांनी शंका घेतलीच. बदामीचे चालुक्य मानव्य गोत्र आणि हारीतीपुत्र ही बिरुदं मिरवत, कल्याणीच्या लेखांत ती तशी दिसत नाहीत, म्हणून तैलपाचा वंश निराळा असावा असं त्यांना वाटलं. यातून शिक. हिशेब बसत नसेल तर नातं खोटं ठरतं, पण हिशेब बसला म्हणून नातं खरं ठरत नाही. तू प्रत्येक पिढीला पंचवीस-पंचवीस वर्षं वाटून दिलीस आणि ‘जुळले’ असं लिहिलंस. तसं वाटून दिलं तर माझंही नातं तैलपाशी जुळेल.

आता गुलबर्ग्याला ये. १३४७ मध्ये दौलताबादेस राज्यारोहण करून ज्यानं गुलबर्ग्यास राजधानी केली, तो अलाउद्दीन हसन कोण होता? फिरिश्ता सांगतो, तो दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मणाचा नोकर होता. दुसरीकडं त्याचा वंश इराणच्या बहमन राजापर्यंत नेऊन भिडवलेला आहे. दोन्ही कहाण्या तुला शाळेत मीच सांगितल्या होत्या, तू फक्त गंगूची लक्षात ठेवलीस, कारण ती मजेची आहे. पण विचार कर. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी. इसामीनं ‘फुतूहुस्सलातीन’ १३५० मध्ये, याच सुलतानाच्या आश्रयानं पुरं केलं, आणि सुलतानाच्या नाण्यांवर बहमनशहा हे नाव आहे. मग इसामी खरा? तो जवळचा आहे, पण आश्रित आहे. फिरिश्ता लांबचा आहे, पण त्याला त्या सुलतानाची भीडभाड नाही. जवळच्या साक्षीदाराला स्वार्थ असतो, लांबच्याला ऐकीव माहिती असते. नाण्यावरून एवढंच सिद्ध होतं की त्याला स्वतःला बहमनशहा म्हणवून घ्यायचं होतं. त्याच्या आजोबाचं नाव नाण्यावर नाही. म्हणून शहाणा इतिहासकार दोन्ही कहाण्या नोंदवतो आणि वंशाची जागा मोकळी ठेवतो. सुलतानाची जागा मोकळी राहू शकते, तुझ्या पाटलाची का नाही?

तिसरं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तू आपलं घराणं त्याच मांडवात नेऊन बसवलंस. मुधोळच्या घोरपड्यांच्या दप्तरातून बहमनी सुलतानांची म्हणून फार्सी फर्मानं पुढं आली. त्यांतलं पहिलं १३५२ चं, राणा दिलीपसिंहाच्या नावचं. मेवाडचे सिसोदिया, मग दख्खनेत आलेला दिलीपसिंह, त्याच्या वंशात एकीकडं घोरपडे आणि दुसरीकडं वेरूळचे भोसले, अशी साखळी त्यांवरून लावतात. काही इतिहासकारांनी ही फर्मानं प्रमाण धरली, काहींनी त्यांच्या अस्सलपणाबद्दल शंका घेतली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांचा वंश आहे, बखरींतल्या वंशावळी आहेत. वरच्या पिढ्यांत ही नावं एकमेकांवर बसत नाहीत. रा. चिं. ढेऱ्यांनी तर शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा माग काढत वेगळीच वाट दाखवली, होयसळांकडं जाणारी. आणि जे लोक म्हणतात की सिसोदिया नातं राज्याभिषेकासाठी १६७४ ला जोडलं गेलं, त्यांनाही एक कागद अडवतो: शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त ते नातं आधीच सांगितलेलं आहे. म्हणजे दावा जुना आहे. दावा जुना असणं आणि दावा खरा असणं, या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. शिवछत्रपतींचं थोरपण यांतल्या एकाही कागदावर टेकलेलं नाही, म्हणून तिथं हा वाद निर्मळपणे चालू शकतो. तू काय केलंस? पहिल्या फर्मानातल्या दिलीपसिंहाच्या एका ‘अज्ञात’ पुतण्याला जन्म दिलास आणि त्याच्या पोटी तुझं घराणं घातलंस. तळटीप काय, तर ‘घरातील वृद्धांकडून’. तेराशे बावन्न सालचं तुझ्या कोणत्या वृद्धाला आठवतं?

फार्सीची भीती वाटते म्हणालास. सेतुमाधवराव पगडी कुठले? निलंग्याचे. १९१० ला ते जन्मले तेव्हा निलंगा बीदर जिल्ह्यातच होतं. त्यांनी फार्सी साधनं मराठीत आणली. तुला एका मुंतखबाची उर्दू धड वाचवत नाही तर वाचणाऱ्यापुढं बस. हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात निजामी दप्तर आहे. मोबाइलवर फोटो काढून भाचीच्या मैत्रिणीकडून अर्थ लावून घेणं म्हणजे वाचन नव्हे.

आणि शोधायचं कुठं हेही तुला कळलं नाही. ‘उदगीरकडील शाखेची नोंद बीदरला नाही, अर्थात ती शाखा नव्हतीच’ असं बेधडक लिहिलंस. १ नोव्हेंबर १९५६ ला काय झालं? बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, उस्मानाबादला जोडले, आणि १९८२ पासून लातुरात आहेत. नारायणखेड, जहीराबाद आंध्रात गेले, आता तेलंगणात. भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याणी इकडं म्हैसुरात आले. एका घराच्या तीन शाखा तीन राज्यांत पडल्या, आणि तू एका कचेरीत विचारून दोघांना ठार केलंस. गावांची नावंही तशीच. फार्सी कागदात अहसनाबाद आलं की ते गुलबर्गा, मुहम्मदाबाद आलं की ते बीदर. जुन्या कागदात कल्याणी असेल, नव्यात बसवकल्याण. तुझ्या वहीत एक पूर्वज ‘अहसनाबाद सोडून गुलबर्ग्यास’ येतो. बिचारा उंबऱ्यातून निघून उंबऱ्यातच आला.

नावांचा घोळ वेगळाच. आजोबाचं नाव नातवाला, चुलत्याचं पुतण्याला, ही आपली चाल. भोसल्यांतच बघ, शहाजीराजांचा मुलगा संभाजी, शिवाजीराजांचा मुलगा संभाजी, पुढं कोल्हापूरचा संभाजी. नुसतं नाव धरून चाललास तर तिघांचा एक होईल. तुझ्या तक्त्यात एक येसाजी १३७ वर्षं पाटीलकी करतो. तो एक नाही, निदान दोन आहेत, बहुधा तीन. मधल्याचा बाप कोण ते बघ. आणि एका पूर्वजाला दोन बाप निघाले म्हणून तू एकाला खोटं ठरवलंस. दत्तक नावाचा प्रकार ऐकला आहेस ना? जन्मानं एका घरचा, वतनानं दुसऱ्या घरचा. दोन्ही कागद खरे असू शकतात.

आता जे सांगतो ते जपून वाच. तुझ्या वहीत १९४६ आहे, १९५२ आहे, मधली पानं नाहीत. या मुलखात त्या वर्षांत काय झालं ते मला सांगायला लावू नकोस. १९४८ च्या मे महिन्यात गोरट्यात रझाकारांनी माणसं कापली. घरंच्या घरं सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, आणि त्यानंतर गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. तुझ्या परिशिष्टात जुन्या सेतवाराची नक्कल आहे, त्यात ओढ्याकाठच्या एका नंबराला एका मुसलमान खातेदाराचं नाव आहे. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात त्याच नंबराला तुझ्या पणजोबांचं. तळाशी पुन्हा तोच शेरा, ‘लेखनिकाचा प्रमाद’. खरेदी झाली असेल, खरेदीखत शोध. गहाण बुडालं असेल, गहाणखत शोध. १९५० च्या कूळकायद्याखाली पणजोबा संरक्षित कूळ ठरले असतील, तर ती नोंद शोध. यातलं काहीच सापडलं नाही तर ‘काही सापडलं नाही’ असं लिही, आणि त्या खातेदाराचं नाव जसं आहे तसं छाप. ज्या पानावर आपल्याच घराबद्दल प्रश्न उभा राहतो, ते पान गाळलं की उरलेल्या पानांवर कुणी विश्वास का ठेवावा?

शेवटची गोष्ट. अडीचशे पानांत एक बाई नावानिशी नाही, ती सहाव्या वर्षी बाळंत झालेली सोडली तर. लेकी कुठं दिल्या? सुना कुठून आणल्या? तुझे तीन कागद एकमेकांशी भांडत असतील, तर चौथा साक्षीदार सोयऱ्यांच्या घरी बसला आहे. मुलगी कोणत्या गावी दिली यावरून घर त्या काळी कुठं होतं ते कळतं. त्यांच्या कागदांत तुझ्या घराचा उल्लेख ओझरता येतो, आणि ओझरत्या उल्लेखाला खोटं बोलायचं कारण नसतं. तू मात्र वंश म्हणजे बापाकडून बापाकडं जाणारी सरळ रेघ समजलास.

तेव्हा आता हे कर. छापखान्याला थांबव. प्रत्येक पिढीसाठी एक पान घे आणि त्यावर चार रकाने आख. पहिल्यात कागद काय म्हणतो, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच सनात. दुसऱ्यात तो कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला. तिसऱ्यात त्याच्याशी कोण भांडतं. चौथ्यात तू काय मानतोस आणि का. चौथा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा राहील, तो रिकामाच छाप. पक्क्या नात्याला सलग रेघ, संशयाच्या नात्याला तुटक रेघ, आणि जिथं काहीच नाही तिथं रेघ ओढू नको. उद्या तुझा नातू दुसरा करीना शोधून काढील, त्याला कळलं पाहिजे की आजोबा कुठं थांबला आणि का थांबला. सूर्य काढ, ढाल-तलवार काढ. ज्यानं रान तोडलं त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

मूळपुरुषाच्या नावापुढं ‘बापाचे नाव अनिश्चित’ असं छापायची लाज वाटत असेल, तर हे काम सोडून दे आणि एखादा भाट गाठ. तो तुला दसऱ्याच्या आत अयोध्येला नेऊन पोचवील. बिदागी तेवढी रोख ठेव.